जन्माचं आणि घातलेलं

आरसेकाका गाडीच्या तोंडाकडे कधी पाहत नसत. मालक बॉनेटवर हात फिरवत कौतुक सांगू लागला की ते उकिडवे बसत, दाढीचा हातआरसा पत्र्याखाली धरत आणि गाडीचं पोट वाचत. गाडीवरची कुठली वस्तू मूळ कारखान्यातून आली आणि कुठली मागून बसवली, हे ते सांगत. मूळच्या वस्तूला ते 'जन्माचं' म्हणत आणि खडूनं गोल काढत. मागून आलेल्यावर फुली, ते 'घातलेलं'. नंदू, तू तिकडे जुनी गाडी घेतलीस आणि 'सगळं ओरिजिनल आहे, आजी' असं लिहिलंस, तेव्हा मला ते आठवले.

ते मूळचे सोनिवली गावचे. लढाईच्या काळात कल्याण कॅम्पात लष्कराच्या गाड्या दुरुस्त करत. पुढे तिथे सिंधी निर्वासित आले, कॅम्पाचं उल्हासनगर झालं आणि काका अंबरनाथला आमच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. माझे वडील, अप्पा, त्याच कारखान्यात अधिकारी होते. उल्हासनगरातला एक जुन्या गाड्यांचा व्यापारी काकांना पाहिलं की हात जोडी. "साईं, तुमको सौदा होने के बाद बुलाने का!" काका हसत. "सौद्यानंतर मी कशाला? बारशाला?"

आमच्याकडून नेमकी तीच चूक झाली.

कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी त्यांची काळी विलायती गाडी अप्पांना देऊ केली. हीटर, धुक्याचा दिवा, सरकतं छप्पर, सगळं गाडीच्या मूळ कारखान्यातलं, असं ते म्हणाले. साहेबांची बायको आदल्या वर्षी गेली होती, तापानं, असं ते सांगत. गाडी पाहून तिची आठवण येते, म्हणून ती विकायची होती. दसऱ्याला त्यांनी स्वतःच गाडी आणून दारात उभी केली. मुहूर्त टळू नये म्हणून आईनं लगेच कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ओवाळलं, नारळ फोडला. काकांना बोलावलं ते दुसऱ्या दिवशी.

काकांनी आधी स्वस्तिक पाहिलं, मग अप्पांकडे. हीटरपाशी आले तेव्हा मला म्हणाले, "अंबरनाथात हीटर! भाकऱ्या भाजाच्या हायेत काय, बाय?" हीटरची नळी गेलेल्या भोकात त्यांनी मला आरसा धरायला लावला. भोकाच्या कडेला रंग नव्हता, नुसता गंज. रंग झाल्यावर पाडलेलं भोक, म्हणजे घातलेलं. फुली. दिवा आणि छप्पर जन्माचं निघालं. अप्पा खूश झाले.

मग काकांनी डाव्या पुढच्या दाराचं आतलं अस्तर उघडलं. इतर तिन्ही दारांच्या अस्तरामागे पेन्सिलीनं एकच आकडा लिहिला होता. इथे दुसराच होता, म्हणजे जन्माचं दार मोडलं होतं आणि हे घातलेलं. डावी पुढची सीटही वेगळ्या शिलाईची. काका बराच वेळ त्या सीटखाली हात घालून होते. हात बाहेर आला तेव्हा तळहातावर काचेचे तुकडे होते.

"खिडकी फुटली असेल," अप्पा म्हणाले.

"खिडकीची काच वळलेली नसते, साहेब. आणि हिरवी बी नसते."

आईनं पुढे होऊन पाहिलं आणि स्वतःच्या बांगड्यांवर पदर ओढला.

"गाडी परत करा," काका म्हणाले.

"पूजा झालीय," अप्पा म्हणाले. "आणि काय सांगून परत करू? कुणाला?"

काका प्रत्येक तपासणीचा कागद लिहून देत. त्या दिवशीही लिहिला. अप्पांनी शेवटची ओळ गाळायला सांगितली. "अर्धा कागद मी लिहीत नाय," एवढं बोलून त्यांनी तो टेबलावर ठेवला, सगळ्या फुल्या आणि गोल फडक्यानं पुसले आणि चहा न घेता गेले.

गाडी आमच्याकडेच राहिली. आई तिच्यात पुढे कधी बसली नाही. डाव्या सीटवर बाजाराची पिशवी असे. साहेब भेटले की विचारत, "काय अप्पा, गाडी कशी आहे?" अप्पा म्हणत, "उत्तम." एकदा त्यांनी हसतच विचारलं, "दाखवली होती म्हणे कुणाला तरी?" आणि अप्पांनी नाव सांगितलं. घरी येऊन ते जेवले नाहीत.

महिन्याच्या आत काकांना उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. बुवापाडा वस्तीतली राहती खोली सोडून जाताना ते आमच्या फाटकाशी आले. अप्पा घरात होते, पण बाहेर आले नाहीत. काकांनी आरसा माझ्या हातात दिला. "बाय, त्या गाडीत मागं बसत जा." पुढे मी सोनिवलीला दोनदा चौकशी केली. ते तिथे पोचलेच नव्हते.

अप्पा गेल्यावर त्यांच्या खणात तो कागद सापडला. शेवटची ओळ काकांच्या ठळक अक्षरात होती: 'डाव्या अंगाचं काही जन्माचं नाही. तिथे बाई बसली होती.' खाली काकांची सही. आणि तिच्याखाली, साक्षीदाराच्या जागी, अप्पांची. तारीख काका मला आरसा देऊन गेले त्या दिवसाची.