खिळ्यावरचं हेल्मेट

“ते लाल पट्ट्याचं हेल्मेट बाजूला ठेव. तिनं घातलंय.”

मी टायरांच्या थप्पीमागे बसून बुटाची नाडी सोडत होते. आवाज सौरभचा होता. त्याला मी दिसत नव्हते.

“मग काय झालं?” रोहननं विचारलं.

“काय झालं काय? छातीवरची पट्टी वाचली न्हाईस का तिची?”

मग रोहन हसला. मोठ्यानं नाही. आत्ता कळलं, असं हसला.

“आयला. मला वाटलं जोशीबिशी असंल. इंग्लिश लई फाडती की ती.”

“तेच तर. सगळ्यांना तसंच वाटलं.”

नाडी केव्हाच सुटली होती. तरी मी ती सोडत राहिले.

छातीवरची ती पट्टी माझ्याच नियमामुळे आली होती. हे आधीच सांगते, कारण माझा राग तिथूनच सुरू होतो.

चाकूरच्या पुढं, रस्त्याला लागून सौरभच्या वडिलांची जमीन होती. नवा जिल्हा होणार, कचेऱ्या इकडं येणार, भाव चढणार म्हणून घेतलेली. जिल्हा झाला नाही. पाऊसही झाला नाही. मग सौरभनं त्या रानात मुरूम टाकून, रोलर फिरवून वळणावळणाचा ट्रॅक करून घेतला. गो-कार्टसाठी. जमिनीला टेकेल इतकी बुटकी, चार चाकांची, बिनछपराची गाडी. आम्ही स्कुटीचं इंजिन बसवून, लोखंडी पाइप जोडून स्वतःच बनवायचो. लातूर-नांदेडकडची इंजिनिअरिंगची पोरं रविवारी तिथं जमायची. शर्यती लावायची. आपटायची. एकाचा हात मोडला, तेव्हा सर म्हणाले, आता नियम पाहिजेत.

सर म्हणजे आमच्या क्लबचे सल्लागार. कॉलेजातून निवृत्त झालेले, शांत बोलणारे. मी शेवटच्या वर्षाला होते. ट्रॅकवर बोलायचे नाही. पोरं लाजरी म्हणायची मला. लाजरी नव्हते. सावध होते. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथं एक गोष्ट पक्की शिकले होते, की पहिलं नाव सांगायचं आणि थांबायचं. पुढचं कुणी विचारलं तर इंग्रजीत दुसरंच काही बोलायचं. जमायचं ते. वर्षानुवर्षं जमलं.

“तुझं इंग्रजी चांगलं आहे,” सर म्हणाले. “बाहेरच्या क्लबांचे नियम वाच. आपल्याला झेपतील असे मराठीत कर.”

केले. मन लावून केले. गट पाडले. नवखे वेगळे, सरावलेले वेगळे. मोठं इंजिन वेगळं, स्कुटीचं वेगळं. साखळीवर झाकण पाहिजे. ओढणी, गमचा, मोकळे केस चालणार नाहीत. स्टिअरिंगवर इंजिन बंद करायचं बटण पाहिजे. शर्यतीआधी हेल्मेट हलवून बघायचं, डोक्यावर फिरता कामा नये. आणि वजन. गाडी आणि चालक मिळून गटात सगळ्यांचं किमान वजन सारखं भरलं पाहिजे. जो हलका, त्याच्या सीटखाली शिशाच्या पट्ट्या बोल्टानं आवळायच्या. सौरभच्या काकांच्या अडतीवरचा काटा आणून आम्ही गाड्या जोखायचो.

मी काडीसारखी. सौरभ अंगानं भरलेला. हा नियम त्याच्या फायद्याचा होता, माझ्या तोट्याचा. हलकी गाडी वळणातून लवकर सुटते. मला ते दर रविवारी दिसत होतं. तरी लिहिला, कारण तो बरोबर होता. वजन सारखं झालं की मग खरं कोण चालवतं ते कळतं. सौरभ तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता, “ह्याला म्हणायचं न्याय!”

आणि एक नियम. प्रत्येक चालकाच्या छातीवर कापडी पट्टी. तिच्यावर पूर्ण नाव, आडनाव, रक्तगट. कुणी बेशुद्ध पडला तर दवाखान्यात सांगायला. बाहेरच्या नियमांत होतं, मला पटलं, मी लिहिलं. माझी पट्टी आईनं शिवली. निळ्या दोऱ्यानं आडनाव काढलं, ठळक. मी ती लावताना क्षणभर थांबले होते. मग म्हटलं, रक्तगट लावायचा आणि आडनाव लपवायचं, हे कसलं? लावली.

एका रविवारात वाचली त्यांनी.

हेल्मेटं क्लबची होती. सगळ्यांच्या वर्गणीतली, माझ्याही. शेडमध्ये एका लांब फळीवर ठेवलेली असायची. ज्याला जे बसेल ते घ्यायचं. उन्हाळ्यात आतून घामानं चिंब व्हायची. एकानं काढलं की दुसरा तसंच ओलं डोक्यात घालायचा. “तुझ्या डोक्यातल्या उवा आल्या बघ माझ्याकडं,” असं म्हणत हसायचे. एकमेकांच्या घामाचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

पुढच्या रविवारी लाल पट्ट्याचं हेल्मेट फळीवर नव्हतं. शेडच्या दाराशी नवा खिळा ठोकला होता. त्याच्यावर लटकत होतं. एकटं.

“ते तुझं,” सौरभ म्हणाला. “तुला स्पेशल.”

रोहन खाली बघून चेन पुसत होता. चेन स्वच्छ होती.

ते हेल्मेट मला मोठं व्हायचं. गेल्या खेपेला दुसरं मोकळं नव्हतं म्हणून मी घातलं होतं, तेवढंच. आता ते माझं झालं. मान वळवली की मी वळायचे, हेल्मेट मागाहून यायचं. माझ्या मापाचं होतं पांढरं. ते फळीवर होतं. त्याला हात लावायचा तर सगळ्यांच्या नजरा ओलांडून जायचं होतं. मी गेले नाही. लाल पट्ट्याचं घातलं. पट्टा आवळला, आणखी आवळला, हनुवटीला वळ उठेपर्यंत.

तिसऱ्या वळणाला गाडी उसळली आणि हेल्मेट डोळ्यांवर आलं. मला काही दिसेना. अंधार, इंजिनाचा आवाज, आणि आपण कुठंतरी जातोय एवढंच कळत होतं. टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळले. हनुवटी फाटली. छातीवरच्या पट्टीवर रक्त आलं, आडनावावर.

“बघून चालव की!” सौरभ ओरडला.

मी चालत शेडपर्यंत गेले. रुमाल हनुवटीला दाबून म्हणाले, “मला पांढरं पाहिजे. हे सैल आहे.”

“पांढरं रोहन घालतो.”

“रोहनची पाळी झाली ना.”

“हे बघ,” तो समजावल्यासारखा बोलला. “पाण्याची परिस्थिती तुला माहीतच हाय. लातूरला रेल्वेनं पाणी यायलंय. हेल्मेटं धुवायची कशानं? स्वच्छतेचा प्रश्न हाय. दुसरं काय न्हाई.”

त्याच्या पाठीमागं टँकर चालला होता. ट्रॅकवर धूळ उडू नये म्हणून त्यांच्या बोअरचं पाणी मारत होता. दोन्ही बाजूंना ओहळ वाहत होते. मुरूम तांबडा, गार झाला होता. टँकरवाल्या चाचांनी खिडकीतून मान काढून विचारलं, “और एक फेरा मारूं क्या, सौरभभाई? जमीन बहुत पी रई.”

“मारा मारा,” सौरभ म्हणाला.

मी ते पाणी बघत राहिले. आमच्या गल्लीत आई पहाटेपासून घागरी रांगेत लावून बसायची. जमिनीची तहान भागत होती. माझ्या डोक्याला लागलेलं हेल्मेट धुवायला तेवढं पाणी नव्हतं.

माझी शाळा, माझं इंग्रजी, माझं न बोलणं, सगळं एका खिळ्याला टांगलं होतं त्यांनी.

घरी आईनं हनुवटी पुसली. दवाखान्यात दोन टाके पडले होते. कसं लागलं, विचारलं. सैल होतं, म्हणाले. दुसरं का न्हाई घेतलं? मग सांगावंच लागलं.

“कुठं ठिवतात म्हणली?”

“दाराशी. खिळ्यावर. वेगळं.”

आईनं कापूस पिळला. ती बिलोलीकडची. लहानपणी रोजंदारीवर रानात जायची. मग म्हणाली, “आमच्या वक्ताला कपबशी असायची. गोठ्याच्या वळचणीला खोचलेली. आपली आपण काढायची, आपली आपण इसळून ठिवायची.” तिनं कापूस वाटीत टाकला. “मला वाटलं, तुला एवढं शिकवलं तर तिथनं सुटलीस. आता हेल्मेट आलं व्हय.”

“मी जाणार नाही परत,” मी म्हणाले.

“का?” आई एकदम तापली. “त्यांच्या बापाचं हाय का? वर्गणी दिली न्हाईस का तू? मी त्या कपबशीला हात लावायचं सोडलं न्हाई, कारण च्या पाहिजे होता. तान होती. तुला कसली तान हाय? तू गप का बसलीस?”

रात्रभर तेच डोक्यात. गप का बसलीस. गप बसणं मला चांगलं वागणं वाटत होतं. गप बसलं की आपण त्यांच्यातलेच दिसतो असं वाटत होतं. दिसत नव्हते. फक्त सोयीची होते.

शर्यतीच्या दिवशी नांदेडहून, उदगीरहून गाड्या आल्या. मांडव होता. पोरांचे आईबाप खुर्च्यांवर, सौरभचे वडील मधोमध. ट्रॅकला पहाटेच पाणी मारलेलं. माझी गाडी काट्यावर चढली. सीटखाली शिशाच्या पट्ट्या आवळलेल्या. वजन बरोबर भरलं. साखळीचं झाकण, ब्रेक, बटण, सगळं पास. मग सरांनी माझं हेल्मेट दोन्ही हातांत धरून हलवलं. ते माझ्या डोक्यावर फिरलं. सगळ्यांनी बघितलं.

“सैल आहे,” सर म्हणाले. “डोक्यावर घट्ट न बसणारं हेल्मेट घालून कुणीही गाडीवर बसणार नाही. तुझाच नियम आहे हा.”

“पांढरं माझ्या मापाचं आहे, सर.”

सरांनी सौरभकडं बघितलं. सौरभनं पांढरं हेल्मेट फळीवरून उचलून काखेत घेतलं. त्याला ते बसतसुद्धा नव्हतं.

सर मला बाजूला घेऊन गेले. आवाज अगदी मऊ. “हे बघ, बेटा. मी स्वतः काही मानत नाही. तुला माहीत आहे. पण आज यांच्या घरचे आलेत. जागा त्यांची, पाणी त्यांचं. वाद नको. तू आज नोंदीच्या टेबलावर बस, नावं पुकार. आणि पुढच्या वेळेसाठी एक साधा नियम घालून टाकू. प्रत्येकानं आपलं हेल्मेट घरून आणायचं. दुष्काळ आहे, स्वच्छतेसाठी, असं काहीतरी. तूच लिही. तुला शब्द जमतात.”

तुला शब्द जमतात.

सौरभ तरी खिळा ठोकत होता. हे मला हातोडा देत होते. माझ्याच अक्षरात, सभ्य शब्दांत, मी मला बाहेर ठेवायचं. मग कुणीच वाईट ठरत नाही. सौरभ नाही, सर नाही. दुष्काळ वाईट.

मी टेबलापाशी गेले. सरांना वाटलं, ऐकलं हिनं. टेबलावर भोंग्याचा माईक होता. आयुष्यात कधी माईक धरला नव्हता. शाळेत कविता म्हणायला उभी केली की मला घाम फुटायचा. आताही फुटला. हनुवटीचे टाके ताणले. माईकनं आधी कर्कश शिटी मारली आणि मांडवातली सगळी डोकी वळली.

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. भोंग्यातून ते रस्त्यापर्यंत गेलं असेल.

मग म्हणाले:

“सरांनी मला नवा नियम लिहायला सांगितलाय. तो लिहायच्या आधी सगळ्यांना सांगते. क्लबच्या हेल्मेटांतून प्रत्येक चालक आपल्या मापाचं हेल्मेट घेईल. ते आधी कुणी घातलं होतं, असं जो विचारंल, तो त्या दिवशी गाडीवर बसणार न्हाई. मग जमीन त्याची असो, न्हाईतर त्याच्या बापाची. हा नियम आजपासून हाय. तुम्हाला नको असंल तर माझे सगळेच नियम काढून टाका, आणि आज शर्यत न्हाई. ज्याला माझ्या घामाची शिसारी येती, त्यानं आत्ता मांडवातनं उठावं. सौरभ, ते पांढरं हेल्मेट इकडं आण. ते माझ्या मापाचं हाय. आणि येता येता दाराचा खिळा उपटून आण.”