रांजणाखालची वाळू

नागपूरच्या इस्पितळातून फोन आला तेव्हा मी चंद्रपूरच्या आमच्या खोलीत, ताईने बजावल्याप्रमाणे, रांजणाखालची वाळू भिजवत होते. घरमालकीण दारातूनच म्हणाल्या, "बाई, तुमची ताई..." मी लोट्यातलं पाणी पूर्ण ओतलं, मगच उठले.

माझी थोरली बहीण विशाखा कॉलेजात जीवरसायन शिकवायची. दोन प्रथिनं एकमेकांना ओळखतात का, हे पाहायची तिची साधी रीत होती. काचेवर खळीसारखा पातळ थर, त्यात खळगे. मधल्यात बकऱ्याच्या प्लीहेचा अर्क, भोवतीच्या खळग्यांत माणसांच्या गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी. दोन्ही हळूहळू झिरपत जवळ येतात. रक्तातल्या प्रथिनाने समोरच्याला धरलं, की मध्ये पांढरी रेघ उमटते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तो थर तडकायचा आणि कॉलेजचा फ्रिज सदा बंद. म्हणून ताई काच ओल्या फडक्यासह डब्यात घालून रांजणाखालच्या वाळूत पुरायची. खाटकाला वाटायचं, या बाई घरी शिजवतात तरी काय!

त्या वर्षी जरा ऊन लागलं की तिच्या गालांवर लाल चट्टे उठू लागले. सकाळी बोटं वळेनात. डॉक्टर संधिवात म्हणाले. तिला ते पटलं नाही. तिने एका खळग्यात स्वतःचं रक्त-पाणी घातलं आणि ताडून पाहायला शेजारी माझं. काच काळ्या छत्रीवर धरून म्हणाली, "पाह्य, तुह्यासमोर काईच नाई. माह्यासमोर रेघ."

"मंग चांगलंच झालं ना ताई?" मला वाटलं, पास झाली.

"नाई वं. बकऱ्याच्या अन् आपल्या पेशीतले काई प्रथिनं सारखेच असतात. माह्यं रक्त माह्याच अंगावर उठून राह्यलं." आणि हसली. मला तिचा भयंकर राग आला. असं हसत सांगतं का कोणी?

पुढे मूत्रपिंडं बिघडली, पाय सुजले. नागपूरला निघण्याआधी तिने पुन्हा माझं रक्त घेतलं आणि नवी काच लावून डबा वाळूत पुरला.

"आता काऊन?"

"बहिणी-बहिणीत येते ही रेघ कधीकधी. वापस आली की पाहू. वाळू सुकू देऊ नको."

ताईच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं त्याच रांजणाचं पाणी प्यायली. डबा कुणाला दिसला नाही. ताई नाही, हे मला अजून सहन होत नाही... काच पाहणारं आता कोणी उरलं नाही, असं मी बाबांना सांगते. खरं तर ती रेघ मला ओळखता येते. परवापासून सकाळी वेणी घालताना माझी बोटं वळत नाहीत. केस तसेच बांधून शाळेत शिकवायला जाते. जाण्याआधी वाळू भिजवते.