एकही खिडकी अडकत नाही

ओडेसा प्रुइटला कुणी चांगली मॅनेजर म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. तिच्या टेबलावर कागद नसायचे, कारण ते सगळे तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर असायचे. बैठकीला ती उशिरा यायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. वरच्या साहेबांना ती आवडत नव्हती, आणि तेही तिला आवडत नव्हते. पण लॉर्टन मिल्सच्या नगरपालिकेत मी सव्वीस वर्षं काढली, आणि कुणाचं काम पाहून मला मनातून हेवा वाटला असेल, तर तो तिचाच.

काम सांगायला सोपं होतं. आमच्या गावातली निम्मी घरं शंभरीला टेकलेली, लाकडी, दुमजली. त्यांच्या जुन्या रंगात शिसं. रंग नुसता भिंतीवर असला तर कुणाचं काही बिघडत नाही. तो घासला गेला, सोलला की त्याची धूळ होते, धूळ रांगत्या पोराच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. पोर वरून ठणठणीत दिसतं. शाळेत गेल्यावर मात्र अक्षर लागत नाही, एका जागी बसवत नाही, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून अशी घरं हुडकायची, मालकाची सही घ्यायची, कुटुंबाला दहा दिवस दुसरीकडे हलवायचं, खिडक्या-दारं बदलायची आणि फरशी पुसून घेतलेले नमुने शुद्ध आले की माणसांना परत घरात घ्यायचं. नमुने तपासणारी प्रयोगशाळा माझ्याकडे होती. म्हणून मला सगळं माहीत.

अवघड होती ती सही. नगरपालिका फुकट खिडक्या देते म्हटलं की लोक होती ती दारं लावून घेत. ओडेसाच्या आधीच्या माणसाने घरोघर पत्रकं वाटली होती, त्यावर कवटीचं चित्र. वर्षभरात चौदा घरं झाली. ओडेसा आली आणि तिने पत्रकांचे गठ्ठे जिन्याखाली टाकले. तपासनिसांना बजावलं, "पांढरे डगले अंगणात घालायचे नाहीत. आत जा, दार लावा, मग घाला. शेजाऱ्यांनी पाहिलं तर महिनाभर त्या घरात कुणी पाय ठेवणार नाही."

नोकरीत येण्यापूर्वी ती अकरा वर्षं केस कापायची. खुर्चीत बसलेल्या बाईला बोलतं कसं करायचं, हे तिला कुठल्या पदवीने शिकवलं नव्हतं. दारात उभी राहून ती शिशाचं नावही काढायची नाही. विचारायची, "तुमच्या घरातली कुठली खिडकी अडकते हो?"

बस्स. आमच्याकडे प्रत्येकाच्या घरात वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या, आणि त्यातली एक तरी अडकतेच. माणूस तक्रार करायला इतका आसुसलेला असतो की दार आपोआप उघडतं. "अहो, स्वयंपाकघरातली! नवऱ्याला तीन वर्षं सांगतेय!" अडकणारी खिडकी म्हणजे लाकडावर लाकूड घासणं, म्हणजे रंगाची पूड. ज्या खिडकीशी लोक तिला नेऊन उभी करत, तीच नेमकी तिला हवी असायची. दुसऱ्या वर्षी दोनशे नऊ घरं झाली.

मिसेस व्रोनांचं घर मात्र या हिशेबात बसेना.

स्टेला व्रोना, वय एकाहत्तर, गिरणीतून निवृत्त, पोलिश वस्तीतल्या कोपऱ्यावरच्या घराच्या मालकीण. खाली त्या राहत, वर मुलगी डॅनिएल आणि अडीच वर्षांची नात टेस. डॅनिएल इस्पितळात दिवसपाळीला, म्हणून नात दिवसभर आजीकडे. बुशा, म्हणजे आजी, हा टेसचा पहिला शब्द. जूनमध्ये टेसच्या रक्तातल्या शिशाचा आकडा एकवीस आला. पाचच्या पुढे गेला की आम्ही हलतो, म्हणजे बघा.

तपासनीस गेरहार्ट जाऊन आला. माणूस नेक, पण कागदापलीकडे न पाहणारा. "बॉस, असं स्वच्छ घर मी जन्मात पाहिलं नाही," तो म्हणाला. "खालच्या थरात शिसं आहे, पण वरचा रंग शाबूत. फरशी पुसली, काही नाही. पोरीला बाहेर कुठेतरी लागलं असणार."

"ती बाहेर कुठे जाते?"

"चर्चमध्ये. आणि आजीच्या कडेवर."

"याआधीचे आकडे?"

गेरहार्टने वाचले. गेल्या जूनमध्ये नऊ, डिसेंबरात सहा, आता एकवीस. "उन्हाळ्यात सगळ्यांचेच चढतात, बॉस. खिडक्या उघडतात ना."

"सगळ्यांचे चढतात. तिपटीने नाही," ओडेसा म्हणाली. "फाइल बंद करू नकोस."

घड्याळ सुरू झालं होतं. साठ दिवसांत कारण सापडून काम सुरू झालं नाही, तर आरोग्य खातं घरावर हुकूम चिकटवणार होतं, की इथे सहा वर्षांखालचं मूल राहू शकत नाही. हुकूम लागला की डॅनिएल पोरीला घेऊन गिरणीमागच्या भाड्याच्या खोल्यांकडे जाणार, आणि तिथल्या भिंती मला ठाऊक होत्या. पोर आगीतून फुफाट्यात पडली असती, आणि आजीपासून तुटली असती ते वेगळंच.

ओडेसा स्वतः गेली. मी बरोबर होते, कारण गेरहार्टच्या नमुन्यांवर तिचा भरवसा नव्हता आणि माझ्यावर होता. मिसेस व्रोनांनी जाळीच्या दारामागूनच तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्या वस्तीत काळी बाई सरकारी ओळखपत्र लावून आली की कोपऱ्यापर्यंत पडदे हलतात.

"परवा एक आला होता, आज दोन. उद्या फौज येणार का?"

"फौज कशाला, मी एकटीच पुरेशी जड आहे," ओडेसा म्हणाली. "मिसेस व्रोना, एकच विचारते. तुमच्या घरातली कुठली खिडकी अडकते?"

"माझ्या घरात?" म्हातारी ताठ झाली. "एकही नाही. या, बघा. या ना!"

आणि खरंच, आठच्या आठ खिडक्या तिने एका बोटाने वर केल्या. लोण्यात सुरी फिरावी तशा. मी मनात म्हटलं, झालं, गेरहार्ट बरोबर होता. ओडेसा मात्र तिथून हलली नाही. एका खिडकीच्या कडेवरून तिने बोट फिरवलं.

"शंभर वर्षांचं लाकूड," ती हळूच म्हणाली, "पावसाळी हवेत फुगतं. आपोआप इतकं गुळगुळीत राहत नाही. कुणी केलंय हे?"

"कुणी म्हणजे? मी! दर मे महिन्यात. आधी तारेचा ब्रश, मग घासकागद, मग दोन हात रंग. माझ्या आईची पद्धत. या गल्लीत बाकीच्यांच्या खिडक्या बघा, लाज वाटेल. आता टेस आहे म्हणून गेली दोन वर्षं जास्तच नीट करते. पोराच्या घरात घाण नको."

"आणि पूड? जमिनीवर पडत असेल."

"एक कण नाही पडत! खाली रजई अंथरते ना मी. काम झालं की मागच्या ओसरीवर नेऊन झटकते."

"धूत नाही?"

"जुनी आहे, धुतली तर विरेल."

"ती रजई आता कुठे आहे, मिसेस व्रोना?"

म्हातारीने मागच्या दाराकडे मान वळवली. ओसरीवर टेस बसली होती, निळ्या-पांढऱ्या तुकड्यांच्या रजईवर, कपड्यांचे चिमटे रांगेत लावत. रजईचा एक कोपरा तिच्या तोंडात होता.

ओडेसा धावली नाही. सावकाश गेली, पोरीशी चिमट्यांबद्दल दोन शब्द बोलली, तिला उचलून माझ्या हाती दिलं आणि रजई पिशवीत घातली. टेसने टाहो फोडला. "माझ्या घरातून चोरी करतेस?" मिसेस व्रोना ओरडल्या. ओडेसा म्हणाली, "उद्या सकाळी नऊ वाजता मी स्वतः येऊन सांगते काय निघालं ते. तोवर पोरीचे हात दर तासाला धुवा, आणि ओसरीवर सोडू नका."

रजई मी त्याच दुपारी तपासायला घेतली, रांगेतले बाकीचे नमुने बाजूला सारून. यंत्राने पहिल्यांदा आकडाच दिला नाही, मोजपट्टीच्या बाहेर गेला होता. द्रावण दहापट पातळ केलं, तरी नाही. शंभरपट केलं तेव्हा आला. मी तो फोनवर वाचून दाखवला आणि माझं मतही दिलं, कारण मत न देता मला राहवत नाही. "ओडेसा, म्हातारीला रजई म्हण, खिडकी म्हण, जुना रंग म्हण. तिच्या हातून झालं हे सांगायची काही गरज नाही. सही मिळाल्याशी कारण."

"आणि पुढच्या मे महिन्यात? दारांच्या चौकटी आहेत, ओसरीचा कठडा आहे. सगळं तर आपण बदलत नाही. तिला कळलं नाही, तर ती पुन्हा घासकागद घेईल. प्रेमाने घेईल."

मी आकडा अहवालावर लिहिला आणि सकाळसाठी कागद काढून ठेवले.

सकाळी ती मागच्या पायऱ्यांवर मिसेस व्रोनांच्या शेजारी बसली. मी कागद घेऊन दोन पावलांवर उभी. ओडेसाने आकडा सांगितला, तो किती असायला हवा होता ते सांगितलं आणि मग म्हणाली, "हे घासण्यातून आलं. तुमच्या हातून झालं, मिसेस व्रोना. मुद्दाम नाही. पण झालं."

म्हातारीचा चेहरा विटेसारखा लाल झाला. "बाहेर हो."

"होते."

"माझ्या आईने चार पोरं वाढवली याच घरात, याच खिडक्या घासून! आम्ही काय वेडे निघालो? हो बाहेर, आणि तुझ्या त्या खडूसारखं तोंड केलेल्या बाईलाही ने!"

ती खडूसारखी बाई म्हणजे मी. आम्ही निघालो. कागद ओडेसाने पायरीवरच ठेवले, वर तिचा फोन नंबर. गाडीत मी म्हटलं, "गेलं. आता हुकूम लागणार." ती म्हणाली, "बघू," आणि रस्ताभर दुसऱ्याच घराच्या ठेकेदाराला फोनवर झापत राहिली.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी मिसेस व्रोनांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आई आणि चार पोरं म्हणाले ना मी तुला? त्यातला एक भाऊ दहा वर्षांचा होईपर्यंत धड बोलला नाही. आम्ही म्हणायचो, जन्मतःच मंद." मग एकदम, "सही करते. पण डॅनिएलला मी सांगणार. तू नाही. तू फक्त ये आणि जिन्यात बस. ती पोरीला घेऊन निघाली, तर तिला अडव."

"अडवू शकत नाही मी तिला."

"मग नुसती बस."

ओडेसा जिन्यात बसली, तासभर, रविवारी, सुट्टीच्या दिवशी. पुढचं तिच्याच तोंडून ऐकलेलं. आतून आधी म्हातारीचा आवाज, सपाट, रेशनची यादी वाचावी तसा. मग डॅनिएलची किंकाळी: "मा! तू? मी तिला तुझ्याकडे ठेवते, मा, कारण मला वाटतं जगात तीच एक जागा..." मग काहीतरी आपटलं. मग नुसतं रडणं, आणि दोघींपैकी कोण रडतंय ते कळेना. शेवटी दार उघडलं. डॅनिएलच्या नाकाचा शेंडा लाल. "वरच्या मजल्याचीही सही लागते ना? कुठे करायची?"

साठ दिवसांची मुदत संपायला तेव्हा अकरा दिवस उरले होते. ओडेसाने ठेकेदाराला दुसऱ्या घरावरून उचलून आणलं आणि त्या दुसऱ्या घराच्या मालकाच्या शिव्या स्वतः खाल्ल्या. आठ खिडक्या निघाल्या. मिसेस व्रोना रस्त्यापलीकडे घडीची खुर्ची टाकून रोज बघत बसायच्या, कामगारांवर डाफरत: "पाणी मारा आधी! कोरडं फोडताय होय?" पहिल्या तपासणीत मागच्या खोलीची फरशी नापास झाली. ठेकेदार म्हणाला, किंचितच तर जास्त आहे. ओडेसाने त्याला तिथेच उभं राहून पुन्हा पुसायला लावलं, आणि तिसऱ्यांदाही. तिच्याकडे किंचित हा शब्द चालायचा नाही.

ऑक्टोबरात टेसचा आकडा चौदा आला. जानेवारीत नऊ. तो आकडा सांगायला ओडेसा गेली तेव्हाही मी बरोबर होते. खसखस भरलेल्या गोड पावाची वळकटी समोर आली, कॉफी आली. टेस टेबलाखाली चिमटे मोजत होती, पाचनंतर एकदम आठ म्हणत.

मिसेस व्रोनांनी नातीकडे पाहिलं. "उतरतोय ना आकडा? म्हणजे पोर बरी होईल?"

मी बशीकडे बघायला लागले. या प्रश्नाला आमच्या खात्यात सगळ्यांकडे एक उत्तर तयार असायचं, मीही ते शेकडो वेळा दिलं होतं.

"मला माहीत नाही," ओडेसा म्हणाली. "जे शरीरातून जायचं ते जाईल. जे होऊन गेलं असेल, ते आत्ता कुणालाच दिसत नाही. शाळेत गेल्यावर दिसेल, किंवा काहीच दिसणार नाही."

म्हातारीने वळकटीवरची साखर बोटाने एका बाजूला लोटली. मला वाटलं, आता पुन्हा "बाहेर हो" ऐकू येणार.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग रोज काय करायचं ते सांग. सगळं सांग, नीट. मी लिहून घेते."

ओडेसा सांगू लागली. दूध, पालेभाजी, मटण. जेवणाआधी हात. दररोज मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि तिलाही बोलू द्यायचं. तीन महिन्यांनी रक्त. म्हातारी कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहीत होती आणि मधेच डोकं वर न काढता विचारत होती, "मटण किती वेळा?"