उरलं तर देऊ

"औषध संपलंय. कुणाच्या बाटलीत उरलं तर देऊ. बस तिकडं."

सिटी स्कॅनच्या खोलीबाहेरचा माणूस माझ्या बाला हे म्हणाला. समोरचं बाकडं रिकामं होतं. त्याने बोट दाखवलं ते जिन्याखालच्या फरशीकडे.

तो माझ्या वयाचा असेल. बा त्याला साहेब म्हणत होता. तो बाला अरे-तुरे करत होता.

बा फरशीवर बसला. लघवीची पिशवी त्याने टॉवेलात गुंडाळली आणि मांडीआड लपवली. नळी दिसू नये म्हणून धोतराचा सोगा वर ओढला. स्कॅनसाठी आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही. तिकडे गावी आयही उपाशी होती. आमच्याकडे घरातला माणूस असा उपाशी बाहेर गेला, की तो परत येईपर्यंत चूल पेटवत नाहीत.

"साहेब, उरंल ना पण?" बाने विचारलं.

तो माणूस हसला. "ही काय म्हशाची जत्रा आहे का? आलात, दावं धरलंत आणि निघालात?"

म्हशाला गुरांची मोठी जत्रा भरते; आमच्या कागदावरचा मुरबाड तालुका वाचून त्याने तो विनोद केला होता. आतला एक जण खी:खी: हसला. बासुद्धा हसला. माझ्या बाचं ते हसू मी अजून विसरलेले नाही. मालक हसला की आपणही हसायचं असतं, ते हसू.

आमचं गाव माळशेजच्या पायथ्याला. वर डोंगर, खाली भातखाचरं. उतारावर नाचणी, वरी. खालच्या मोठ्या गावात लग्न असलं की डोंगरातली माणसं लाकूड फोडायला, पाणी भरायला, मांडव घालायला जात. जेवायला मात्र शेवटच्या पंगतीला. आधी पाहुणे, मग गावकी, मग बायापोरं. त्यानंतर जे उरेल ते आम्हाला. भात कडेचा, आमटी तळाची. लाडू कधी उरतच नसत.

बा त्या पंगतीला कधी बसला नाही. कामाला जाताना भाकरी फडक्यात बांधून न्यायचा आणि आंब्याखाली बसून खायचा. लोक टोमणे मारत, "लई मोठा आलाय! शेठला कमीपणा आणतोय!" बा म्हणायचा, "उरल्यावर बसायचं नाय आपण. भूक लागली तरी नाय."

बाला अक्षर येत नव्हतं. पण जंगलजमिनीच्या हक्कासाठी संघटना आली, तेव्हा तिची पत्रकं तो जपून आणायचा. पिवळा कागद, पुसट छपाई. मी शाळेत जायला लागले तशी ती पत्रकं मी त्याला वाचून दाखवायची. माझी पहिली जोडाक्षरं त्या कागदांवर सुटली. हक्क. कष्टकरी. अन्याय. पुढे मोर्चात मी घोषणा द्यायला लागले. तहसीलदाराच्या कचेरीसमोर माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

त्या जिन्याखाली माझ्या तोंडून शब्द फुटेना.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची ही गोष्ट. बाला लघवीचा त्रास सुरू झाला. आधी थेंबथेंब, मग बंदच. आत्या आटगावला राहते, तिने त्याला शहापूरच्या डॉक्टरकडे नेलं. नळी घातली. पुढे शहरातल्या ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासला. प्रोस्टेटचा कॅन्सर. डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं: "गाठ जागेवरच असेल तर ऑपरेशन करून काढता येईल. बाहेर पसरली असेल तर नाही. ते बघायला स्कॅन लागेल."

स्कॅन झाला. बाला मशिनीत घातलं, बाहेर काढलं, मोठी काळी फिल्म हातात दिली. सुई टोचली नाही, काही पाजलं नाही. आम्हाला काय ठाऊक, टोचायची असते म्हणून! कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं, काही वेगळं दिसत नाही.

गावात आल्यावर सगळ्यांनी ती फिल्म उन्हाकडे धरून पाहिली. आमच्याकडे बैल घेताना दात बघतात, खूर बघतात, भोवरा बघतात. तशी फिल्म बघितली. म्हातारे म्हणाले, "हाडं पांढरी सफेद हायत. काय नाय झालेलं ह्याला." कागदही तेच म्हणत होता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पौषाचा महिना होता. बा म्हशाच्या जत्रेला गेला आणि गोऱ्हा घेऊन आला. तांबडा, कोवळ्या शिंगांचा. अजून जुवाला मान दिली नव्हती. एवढा लहान बैल कोण घेतं? ज्याला अजून खूप वर्षं नांगर धरायचाय तो घेतो. बा नळीची पिशवी कमरेला बांधून त्याला रोज बांधाबांधाने फिरवायचा. "आवंदा शिकवीन, पुढल्या साली जुंपीन," म्हणायचा.

जत्रा आटपल्यावर आम्ही फिल्म डॉक्टरांना दाखवायला नेली. त्यांनी ती काचेवर लावली आणि कपाळाला हात लावला.

"हा बिनऔषधाचा काढलाय. शिरेत कॉन्ट्रास्टचं औषध सोडल्याशिवाय गाठी वेगळ्या दिसत नाहीत. असला फोटो काढला काय आणि नाही काढला काय. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कुणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी कॉन्ट्रास्टची बाटली नव्हती, म्हणून धर्मादाय पेशंटचे सगळे फोटो साधेच उरकले होते. आमचा जत्रेचा सगळा काळ त्या काळ्या कागदावर विसंबून गेला.

मग मी औषध शोधायला निघाले. मुरबाडच्या दुकानदाराला नाव माहीत नव्हतं. शहापूरचा म्हणाला, "हे इकडं कोण मागतं? ज्याला लागतं तो मुंबईला जातो." हॉस्पिटलच्या आवारातलं औषधाचं दुकान म्हणालं, ते फक्त स्कॅन विभागात मिळतं, बाहेरची बाटली आत चालत नाही. स्कॅन विभाग म्हणाला, धर्मादायवाल्यांसाठी आलेलं नाही, नंतर या. बा उपाशी जायचा, उपाशी परत यायचा. आत्याकडे मुक्काम, सकाळची गाडी, पुन्हा तेच. आणि शेवटी हे. उरलं तर देऊ.

आम्ही बसलो. हळूहळू बाकडं भरलं, फरशीवरही ओळ लागली. खोलीचं दार उघडायचं, मिटायचं. उन्हं जिन्यावरून खाली उतरली. मग कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला एक पुढारीछाप माणूस आला, सोबत दोघे. आमच्या कितीतरी नंतर आला. सोबतच्यांनी कुणाला तरी फोन लावला आणि पुढे केला. दारावरच्या माणसाने कानाला फोन लावला, "हो सर, हो सर" केलं आणि खिशातून किल्ली काढली. भिंतीतलं लोखंडी कपाट उघडलं.

आत बाटल्या होत्या. ओळीने. झाकणं चकचकीत, सगळी बंद.

मी पाहिलं. बानेही पाहिलं. आम्ही एकमेकांकडे मात्र पाहिलं नाही.

तो पांढऱ्या कपड्यांतला माणूस आत जाऊन स्कॅन करून बाहेर आला. थोड्या वेळाने दारावरचा माणूस आमच्याकडे आला. हातात उघडी बाटली. तळाशी थोडं औषध. दुसऱ्या एका बाटलीतलं उरलेलं त्याने आमच्या डोळ्यांदेखत त्यातच ओतलं.

"चल रे. नशीब आहे तुझं. वर कर बाही."

आणि बाने बाही वर केली.

जन्मभर आंब्याखाली बसून स्वतःची भाकरी खाल्लेल्या माझ्या बाने. मी त्याचा हात धरला, तर म्हणाला, "टोचू दे गो बाय. मला गोऱ्हा जुंपायचाय."

तेव्हा माझ्यात काहीतरी तुटलं. की जोडलं गेलं, माहीत नाही. मी उठले.

"ही बाटली कुणाच्या नावावर फोडली?"

"तुला काय करायचंय? फुकट मिळतंय ना?"

"कपाटातली फोडा."

"कपाट काय तुझ्या बापाचं आहे?"

"व्हय. बापाचंच हाय. ही जमीन तुमच्या ट्रस्टला सरकारनं फुकट दिली, ती गरिबांना बघायच्या कबुलीवर. दारातल्या दगडावर कोरलंय, वाचा जाऊन. फुकट तुमी खाताय. आमी नाय."

तो ओरडला. "सिक्युरिटी!" मी दाराच्या उंबऱ्यात बसले. एक पाय आत, एक पाय बाहेर. म्हटलं, "माझ्या बाला बंद बाटली नाय, तर ह्या दारातून कुणीच आत जायचं नाय. उचला मला."

जिन्याजवळ एक म्हातारी बसली होती, वासिंदकडची. तिचा नवरा सकाळीच स्कॅन होऊन आला होता. ती भिंतीला धरून उठली. तिने कुणाला शिवी दिली नाही. फक्त विचारलं, "म्हंजी आमच्या माणसाला पन उष्टंच टोचलंय काय रं?"

त्या प्रश्नावर सगळी ओळ उभी राहिली. बाकड्यावरचे, फरशीवरचे. एक जण म्हणाला, "माझ्या भावाला काय टोचलं ते सांग आधी." सिक्युरिटीवाला आला आणि गर्दी बघून लांबच थांबला. आतून मोठे डॉक्टर आले. त्यांनी उघड्या बाटलीकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे. किल्ली मागितली.

बंद बाटलीचं झाकण निघतं तेव्हा बारीक टक् असा आवाज येतो. मी तो ऐकला.

स्कॅन करून बा बाहेर आला. मला बाजूला ओढून कानात म्हणाला, "गो, अंगात राबाचा पालापाचोळा पेटल्यावानी झालं. मला वाटलं मी मुतलो. समद्यांसमोर मुतलो." औषध शिरेत गेलं की तसं वाटतं, हे त्याला आधी सांगायला कुणाच्या तोंडाला कष्ट पडले असते? मी त्याचं धोतर पाहिलं. कोरडं होतं. तरी तो स्टेशनापर्यंत पुढ्यात टॉवेल धरून चालला.

नव्या फोटोत सगळं दिसलं. पोटातल्या गाठींत पसरलं होतं, माकडहाडाच्या वरही डाग होता. ऑपरेशन नाही. इंजेक्शनं, गोळ्या, जमतील तितके दिवस.

मी डॉक्टरांना विचारलं, "पहिल्या फोटोच्या वेळी पसरलं होतं का?"

"आता कसं सांगणार? त्यात काही दिसतच नाही."

लोक मला म्हणतात, कदाचित तेव्हाही पसरलेलंच असेल, जिवाला लावून घेऊ नको. मी लावून घेणार. पसरलं होतं की नव्हतं, हे कळायचा हक्कच आमच्याकडून काढून घेतला. गाठ देवाने दिली म्हणा हवं तर. तो आंधळा फोटो माणसांनी दिला. आणि आम्ही धर्मादायवाले म्हणून दिला.

त्या वर्षीची लावणी बाने बांधावर बसून पाहिली. पुढची नाही. गोऱ्ह्याला जुवाची सवय माझ्या भावाने लावली. बाने त्याला जुंपलेला कधी पाहिला नाही.

आज आमच्याकडचा कुणीही त्या हॉस्पिटलात निघाला की आधी माझ्या दारात येतो. मी सोबत जाते. दारावर आता दुसरा माणूस आहे, तोही मला ओळखतो. "आली का तुमची पुढारीण," असं आतल्याला ओरडून सांगतो. सांगू दे. कपाट तेच आहे. किल्लीही अजून कुणाच्या तरी खिशातच असते.

मला सहानुभूती नको. आमच्या माणसांच्या सहनशीलतेचं कौतुक तर मुळीच नको. माझ्या माणसाच्या शिरेत सुई जाण्याआधी बाटलीचं झाकण माझ्यासमोर निघेल. टक् असा आवाज मी माझ्या कानाने ऐकेन. ज्या दिवशी तो आवाज येणार नाही, त्या दिवशी मी पुन्हा उंबऱ्यात बसेन. आणि या वेळी डोंगरातली अख्खी शेवटची पंगत माझ्यासोबत असेल.