जेवायच्या आत उठणारी बोक-ही

सणासुदीला बोक-ही मुलाकडे देजोनला जायची खरी, पण जेवणाची मांडामांड सुरू झाली की हिचे पाय दाराकडे वळायचे. "बस चुकेल माझी," म्हणत बूट चढवायची. कसली बस चुकतेय! तिच्या गावी, गुन्सानला, जायला दिवसभर बसगाड्या असतात. मुलगा ग्यू-चोल तिला बसपर्यंत सोडून यायचा. सून नारे सासूसाठी वाढलेलं सूप परत पातेल्यात ओतायची.

खरं कारण बोक-हीच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेलं होतं. ई-सिगारेट, पीचच्या वासाची. नवरा गेला तेव्हा त्याची उरलेली सिगारेटची पाकिटं तिने त्याचा वास घरात राहावा म्हणून ओढली. ती संपल्यावर, ती कामाला होती त्या लाँड्रीतल्या मैत्रिणीने हे यंत्र हातात दिलं. कपड्यांना धुराचा वास नाही, शेजारपाजाऱ्यांना पत्ता नाही. साठीच्या बाईने ओढावं आणि ते चारचौघांत कळावं, म्हणजे तोंड दाखवायची सोय नाही! दिवसभर इस्त्री करून घरी आली की दिवा लावायच्या आधी ती झुरका घ्यायची. घरात दुसरं होतं कोण तिचं?

एकदा मुलाकडे न राहवून तिने बाथरूममध्ये दोन झुरके मारले. वास झरोक्यातून वरच्या मजल्यावर गेला, तक्रार झाली, आणि भिंतीतल्या स्पीकरवरून सोसायटीची सूचना घुमली: "बाथरूममध्ये धूम्रपान करू नये, वरच्या रहिवाशांना त्रास होतो." नारे म्हणाली, "आपल्याही बाथरूममध्ये पीचचा वास येतोय. कोण हा निर्लज्ज?" बोक-हीने वाटी तशीच ठेवली आणि बूट चढवले. झुरक्यावाचून निभत नव्हतं, आणि तिथे ओढायची सोय उरली नव्हती. तेव्हापासून हिची बस चुकायला लागली.

यंदा छुसकच्या, पितरांना पुजायच्या सुगीच्या सणाला तिघं नवऱ्याच्या थडग्यावर गेली. गवत काढलं, दारू ओतली, नमस्कार झाले. मग वडिलांच्या आवडीची सिगारेट पेटवून ठेवायची. ग्यू-चोलने जन्मात ओढलेली नाही. हा लायटर नुसता टोकाला धरून उभा! ओढल्याशिवाय सिगारेट पेटते होय? शेवटी त्याने ओढली आणि खोकून खोकून बेजार झाला.

"आण इकडे, बावळट!" बोक-हीने ती हिसकावली, ओंजळीचा आडोसा केला, एका दमात पेटवली आणि सवयीने धूर नाकातून सोडला. झालं!

"आई, तू ओढतेस?"

ती खाली बघत म्हणाली, "हे नाही रे. ते... विजेवरचं."

"पीचच्या वासाचं?" नारे म्हणाली. "अगंबाई, म्हणजे तो निर्लज्ज..." तिने जीभ चावली.

ग्यू-चोलला हसू आलं नाही. "म्हणून पळतेस होय? मला वाटायचं, तुला आमचं घर नकोसं झालंय. ही दर वेळी रडायची. पुढच्या सणाला तुला बोलवायचंच नाही, असं ठरवलं होतं आम्ही. म्हटलं, उगाच कशाला तुला त्रास."

बोक-ही थडग्यापाशी बसली. एकटेपणात सोबत म्हणून जे उराशी धरलं, त्याच मेल्याने तिला लेकाच्या घरी भरल्या पानावरून उठवलं होतं! किती सण गेले, किती जेवणं गेली. ती नवऱ्याच्या मातीला हात लावून रडली.

त्या दिवशी ती मुलाकडे मुक्कामाला गेली. यंत्र सुनेच्या हाती देऊन म्हणाली, "टाकून दे. मी मागितलं तरी देऊ नकोस."

म्हणणं सोपं! दुसऱ्या दिवशी डोकं भणभणत होतं, कुणाचा आवाज सहन होत नव्हता. नाश्त्याला सूप तोंडात घेतलं आणि ती कडाडली, "सूप आहे की समुद्राचं पाणी? आईने मीठ घालायला शिकवलं नाही का तुला?"

बोलून बसली आणि तिने चमचा खाली ठेवला. आजवर सुनेशी ती पाहुण्यासारखी अदबीने बोलायची. ग्यू-चोलचा हात ताटलीवरच थांबला.

नारे हसायला लागली, डोळे पुसत हसायला लागली. "इतक्या वर्षांनी सासू आली एकदाची घरी," ती म्हणाली. "पाणी घालून आणू?"

"आण," बोक-ही म्हणाली. "आणि भातही वाढ."