मोरपंखीवर चालवलेला कोयता

भोकरच्या आमच्या घरापुढं मोरपंखीचं झाड हाय. बायकोनं नांदेडहून बसमधी मांडीवर ठेवून दोन रोपं आणली होती. मोरपंखी जोडीनं लावावी म्हणतात. एक पहिल्याच वर्षी वाळवीनं खाल्लं, एक राहिलं. मी म्हणलो, "ना फळ, ना फूल. शेरडंबी तोंड लावत न्हाईत याला." ती म्हणाली, "तुमच्या तरी तोंडी कोण लागतं? तरी ठेवलंय की घरात."

झाड वाढलं पार पत्र्याच्या वर. बाकीची झाडं पानं टाकतात, हे टाकत न्हाई. टँकरच्या वर्षी जास्वंद गेली, कढीपत्ता गेला. हे धुळीनं भरलं, पण हिरवंच. भांडी विसळलेलं पाणी तेवढं ती घालायची. पान चपटं अन् उभं, पंजा उघडून धरल्यावाणी. चुरगाळलं की टर्पेंटाईनसारखा वास. निळसर बारीक बोंडं, त्याला शिंगं. आत बुलबुल घर करायचे. शाळेतली लेकरं पुस्तकात ठेवायला पान मागायची, विद्या येते म्हणून. ती कुणाला न्हाई म्हणायची न्हाई. माझी शाळा चौथीतच सुटली, माझ्या पुस्तकात कुणी पान ठेवलं न्हाई.

लग्नसराईत बाजारातला फुलवाला यायचा. गुच्छात गुलाबामागं लावायला शेंडे न्यायचा. शेंडे तीच काढून द्यायची, कात्रीनं. मला हात लावू द्यायची न्हाई. "तुमचा हात कोयत्याचा हाय," म्हणायची.

गेल्या माघात ती गेली. ताप आला, नांदेडला नेलं, आठ दिवसांत सगळं संपलं.

तेराव्याला दारापुढं मांडव घालायचा होता. मोरपंखीच्या फांद्या आड येत होत्या. मांडववाला म्हणाला, दोरीनं आवळून बांधू. मी ऐकलं न्हाई. खरं सांगतो, त्या दिवसांत मला काहीतरी तोडायचंच होतं. कोयता घेतला अन् घराकडच्या अंगानं पार खोडापर्यंत साफ केलं. कडुलिंब छाटावा तसं. लिंब, सुबाभूळ बुडातून तोडली तरी महिन्यात धुमारे येतात. शेतात जन्मभर तेच पाहिलं. चीक हाताला चिकटून राहिला. तेराव्याच्या वरणालाबी तोच वास येत होता.

उन्हाळाभर रोज बादली बादली पाणी घातलं. पावसाळा गेला. सकाळी उठलं की चष्मा लावून खोडापाशी जायचो, एखादा डोळा फुटला का बघायला. तिनं लावलेलं माझ्या हातून मरू नये, एवढंच मनात. काही फुटलं न्हाई. नुसत्या तपकिरी काटक्या.

दिवाळीनंतर फुलवाला आला अन् फाटकातच थबकला.

"चाचा, ये क्या करके बैठे?"

"छाटली. येईल की फुटून."

"न्हाई येत, चाचा. हिरवं हाय तिथपर्यंतच कापायचं असतं. आतल्या जुन्या लाकडाला परत पान लागत न्हाई, कवाच. चाचीला ठाव होतं. मीच सांगितलेलं."

"मला बोलली न्हाई ती."

"तुम्ही विचारलं का कधी?"

मी ओट्यावर बसलो अन् रडलो. ती गेली तवा चार माणसांत रडलो न्हाई, या फुलवाल्यापुढं रडलो. त्या दिवशी त्यानं एक शेंडाबी नेला न्हाई.

मुलगा लातूरला नोकरीला हाय. फोनवर सांगितलं तर म्हणाला, "बाबा, काढून टाका ते. इथल्या नर्सरीतून नवीन रोप आणतो."

"तुझ्या आईनं आणलेलं का ते?" म्हणलो अन् फोन ठेवला.

आता पाणी बेतानं घालून राहिलो. फुलवाला म्हणतो, लई पाण्यानं मुळ्या कुजतात. रस्त्याकडून झाड अजून भरगच्च दिसतं. जाणारे येणारे म्हणतात, काय राखलंय झाड. मी मान डोलावून हाव म्हणतो. उघडी बाजू घराकडं हाय, ती मला एकट्यालाच दिसते.