खोबऱ्याची अर्धी वाटी

टांगा आळीच्या तोंडाशी पोचला आणि दादा म्हणाले, "थांबव रे जरा. आलोच." मोंबासाची बोट त्याच संध्याकाळी सुटायची होती. आई पदर डोळ्यांना लावून बसलेली, आणि दादा, म्हणजे माझे वडील, धोतराचा सोगा सावरत परत घराकडे निघाले. किल्ली फिरवून कुलूप ओढून बघायला! निघताना एकदा ओढून झालंच होतं. "अहो, बोट काय तुमच्या कुलपासाठी थांबणार आहे?" आई ओरडली. मी रडत होते, ती रडतारडताच हसत सुटले. ठाण्याचा नौपाडा सोडतानाचं माझ्या डोळ्यांपुढचं शेवटचं चित्र तेच, दाराशी वाकलेले पाठमोरे दादा.

वाकलेले अशासाठी, की घराची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असे. किल्ली कुलपात गेली की दादाही दाराला बांधले जात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ कुलपाशी काही खाजगी बोलताहेत.

नैरोबीत येऊन आता बरीच वर्षं झाली. ह्यांची नोकरी इथल्या रेल्वेत. मी दुकानाला दुका म्हणते, बाजाराला सोको म्हणते आणि भाजीवालीनं 'हबारी', कसं काय, विचारलं की 'म्झुरी', छान, असं तोंडातून आपोआप येतं. तिकडच्या तुम्हा सगळ्यांना आणि माझ्यासारख्या बोटीनं इकडे आलेल्यांना हे लिहितेय, त्याला कारण आईच्या पत्रातली एक ओळ. 'गणपतीत हल्ली लाउडस्पीकर लावतात. नकल्यांना कुणी बोलावत नाही.'

नकल्यांचं खरं आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ते नकला करत म्हणून नकले. गणपतीत ते कल्याणहून यायचे, काळा कोट घालून. तोंडानं स्टोव्हला पंप मारायचे, चावी संपत आलेल्या फोनोसारखं गायचे. पण खरी गर्दी व्हायची ती आळीतल्या माणसांच्या नकलांना. मागच्या घरातल्या माई दूध तापत ठेवलं की त्याच्याशी बोलत, "थांब हं बाळा, आत्ता नको." कोपऱ्यावरचे वैद्य रोग्याची नाडी धरून स्वतःच डुलकी काढत. नकले हे सगळं टिपून ठेवत, आणि ज्याची नक्कल व्हायची राहिली तो पुढच्या गणपतीपर्यंत फुगून बसे.

त्यांची एक रीत होती. ज्याची नक्कल करायची त्याच्या दारात ते आदल्या दिवशी नारळ ठेवत. नारळ फोडून अर्धी वाटी परत पाठवली की होकार. अख्खा परत आला की नकार. आमच्याकडचा दरसाल अख्खा परत जाई. दादा कोर्टात कारकून. "चारचौघांत हसं करून घ्यायला मी मोकळा नाही," असं म्हणत. आणि मला तर एकदा तरी दादांची नक्कल बघायची होती. माझं लग्न ठरलं, तो तिथला माझा शेवटचा गणपती.

त्या वर्षी दारातला नारळ आईनं प्रसादाचा समजून उचलला, फोडला आणि निम्मा मोदकांत घातलासुद्धा! दादा कोर्टातून आले. उरलेली वाटी बघून मटकन खाली बसले. "अगं, फोडलास?" आई म्हणाली, "नारळ काय बघत बसायला असतो?" दादा कोट न उतरवता ती वाटी घेऊन स्वतःच नकल्यांकडे गेले. रीत मोडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मांडवात दादा पहिल्या रांगेत, गुन्हेगारासारखे. नकल्यांनी सदऱ्याच्या गळ्यातून सुतळी ओढून काढली आणि नसलेल्या दारापुढे वाकले. कुलूप लावलं, ओढलं, चार पावलं गेले, "आलोच" म्हणून परत आले. अस्सा काही हशा उसळला! मी दादांकडे पाहिलं. चेहरा गंभीर. आणि ते एकदम उठले, छत्री घेतली आणि मांडवाबाहेर चालते झाले.

सगळे गप्प. नकले हात जोडून उभे. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. दादांना दुखवून मी घर सोडणार, असं वाटलं. थोड्या वेळानं दादा परत आले, जागेवर बसले आणि आईला हळूच म्हणाले, "लागलंय. बघून आलो."

त्या शांततेत ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. मग जे झालं ते काय सांगू! माई हसून हसून खांबाला टेकल्या. शेवटी दादाही हसले, अगदी ठसका लागेपर्यंत. नकले म्हणाले, "दादासाहेब, मी येतो आता. अस्सल माल समोर बसलाय, नक्कल कोण बघणार?"

तर आईची ती ओळ वाचली आणि वाईट वाटलं. नकले यायचे थांबले म्हणजे दादांची नक्कलही गेली. मग ठरवलं, इथल्या आपल्या मंडळींच्या गणपतीत मीच करायची. पण विचारल्याशिवाय कशी करणार? दादांना लिहिलं, 'इथून नारळ पाठवता येत नाही. आला असं समजा.'

उत्तर नाही. आईची पत्रं येत, त्यात दादांचं अक्षर नसे. मी आशा सोडली. मग डोंबिवलीचे एक गृहस्थ इथं नोकरीवर रुजू झाले, त्यांनी एक पुडकं आणून दिलं. धोतराच्या तुकड्यात घट्ट बांधलेली सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. हे म्हणाले, "मोंबासाला नारळांचे ढीग पडलेत, आणि ठाण्याहून खोबरं?" मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. ह्या खेपेला होकार दादांचा स्वतःचा होता.

ह्यांचा कोट घालून मी नक्कल केली. दादांना इथं कुणी पाहिलेलंसुद्धा नाही. तरी रत्नागिरीच्या एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, "अगो, हे तर आमचे भाऊजी!" आणि दुकावाली गुजराती बाई म्हणाली, "आ तो मारा बापूजी!"

ती वाटी मी फडताळात जपून ठेवली. तिची जोडीची वाटी नौपाड्यात, दादांनी अशीच जपली असेल, असं मनाशी म्हणायची. परवा आईचं पत्र आलं. 'उरलेल्या अर्ध्याची मी त्याच दिवशी चटणी केली. तूही कर, उगाच खवट होईल.'

आईपुढे कुणाचं काय चालणार? मी लगेच खोबरं किसलं, लसूण सोलला, शेजारपाजारच्यांना जेवायला बोलावलं. घर म्हणजे आता मला हेच वाटतं, जपून ठेवलं तर खवट होईल, चार जणांत वाटलं तर पुरतं. चटणी एका जेवणात फस्त झाली. जेवणं झाल्यावर सगळे फिरायला निघालो. कोपऱ्यावर पोचलो आणि मी म्हटलं, "थांबा जरा. आलेच."